पेपर दोनला होता आणि मी फेरीबोटीत होते

वाचकाचं पत्र

मावशी,

मी डिचोली तालुक्यातली, वय २६. आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) संपून दीड वर्ष झालं. सीए फायनलचा पहिला अटेम्प्ट दोन्ही ग्रुपचा, तीन-तीन पेपरांचा, दिला. ग्रुप दोन जाणार हे मला ठाऊकच होतं, पण ग्रुप एकमध्ये १४७ आले. एफआर (आर्थिक अहवाल) ५२, एएफएम (वित्त व्यवस्थापन) ४१, ऑडिट ५४. पास व्हायला १५० लागतात, तीन मार्कांनी गेला.

दुसऱ्या वेळी फक्त ग्रुप एक भरला. एफआरची प्रश्नपत्रिका हातात आली आणि अक्षरं दिसेनाशी झाली. पंचवीस मिनिटं नुसती पेनाचं टोपण काढत-घालत बसले, मग लिहिलं. एएफएमच्या आदल्या रात्री तीनला जाग आली. छातीत धडधड, हातपाय गार. सकाळी आईने हातावर दही-साखर ठेवली, बाबांनी बसस्टँडवर सोडलं. पणजीला उतरले आणि सेंटरकडे न जाता बेतीच्या फेरीबोटीत चढले. बेती, पणजी, पुन्हा बेती. नऊ फेऱ्या झाल्या, मी मोजल्या. पाण्याकडे बघताना एकदा वाटलं, सगळं संपलं तर बरं होईल. पाच वाजून गेल्यावर उतरले, बस पकडली आणि घरी येऊन सांगितलं, ठीक गेला. ऑडिटच्या दिवशी पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसून राहिले.

निकालात एफआरला ६१ आलेत, बाकी दोन पेपरांपुढे गैरहजर. घरी म्हटलं, थोडक्यात गेला. बाबांचे खाणीवर दोन ट्रक होते. २०१२ला खाणी थांबल्या तेव्हा एक विकला, २०१८ला दुसरा. आता ते शाळेची बालरथ बस चालवतात. त्यांनी मला कधी एका शब्दाने बोललेलं नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास होतो.

सप्टेंबरचा फॉर्म भरू का? ६१ची एक्झम्प्शन, म्हणजे एफआर पुन्हा न देण्याची सूट, मिळेल का? की सीएचा नाद सोडू? माझ्याबरोबरच्या दोघी पास झाल्या. परीक्षाच इतकी कठीण आहे, की मीच कच्ची आहे?

– डिचोलीची एक वाचक

उत्तर

बाय,

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी तुला खासगीत उत्तर पाठवलं होतं. हे सविस्तर उत्तर तुझ्या होकाराने छापते आहे. गेल्या काही वर्षांत अशी पत्रं फार येऊ लागली आहेत आणि फेरीबोटीत बसलेली मुलगी तू एकटीच आहेस असं मला वाटत नाही.

पाण्याकडे बघताना जे वाटलं, त्या ओळीपासून सुरू करते, कारण ती मधेच लिहून तू पटकन पुढच्या बसवर गेलीस. मी तिथून पुढे जाऊ शकले नाही. तो विचार त्या दुपारपुरता होता की अजून येतो? रात्री तीनला उठतेस तेव्हा येतो का? येत असेल तर अभ्यास, फॉर्म, अटेम्प्ट सगळं बाजूला ठेव आणि आज रात्री झोपायच्या आधी घरातल्या एका माणसाला हे सांग. आईला सांग. आईला सांगायला जीभ रेटत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर फिरव. दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. बांबोळीला मेडिकल कॉलेजच्या परिसराजवळ आयपीएचबी ही सरकारी मानसोपचार संस्था आहे, तिथे ओपीडी चालते. नाव ऐकून बिचकू नकोस. आपल्याकडे तिथे जाणं म्हणजे काहीतरी भयंकर, असं अजून समजतात. मी माझ्या ओळखीच्या दोन आर्टिकल मुलांना तिथे पाठवलंय. दोघंही आज कामाला आहेत, दोघंही नीट झोपतात. तेवढ्या लांब जाणं पहिल्या दिवशी जमणार नसेल तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे जा, झोप लागत नाही आणि धडधडतं एवढंच सांग आणि थायरॉइड व हिमोग्लोबिन तपासून घे. धडधडीमागे कधी कधी तेही निघतं, आणि निघालं तर त्याला औषध आहे.

आता तुझ्या प्रश्नांकडे वळते. तू चार प्रश्न विचारलेस, पण माझ्या मते तुझ्या छातीवर जे बसलंय ते पाचवंच आहे, आणि ते तू विचारलेलं नाहीस. घरी काय सांगायचं?

सिलॅबस तू एकदा पेललेला आहेस. १४७ मार्क त्याचा पुरावा आहेत. जे पेलवत नाही ते हे, की रोज सकाळी बाबा चहा घेताना समोर असतात आणि तुला त्या दोन पेपरांचं खोटं पुन्हा एकदा सांभाळावं लागतं. कुणी सहज विचारलं, "एएफएम कसा होता गो?" की कुठला प्रश्न आला होता ते आठवल्यासारखं करावं लागतं. त्यात केवढी ताकद जाते! पुस्तक उघडून बसलेल्या माणसाचं अर्धं डोकं त्या पहाऱ्यावर असेल तर डेरिव्हेटिव्हचं गणित सुटणार कुठून?

हे मी ऐकीव सांगत नाही. मी फायनल दिली तेव्हा वर्षातून दोनदाच परीक्षा असायची, मे आणि नोव्हेंबर. माझा मेचा अटेम्प्ट गेला. मार्कलिस्ट पोस्टाने आली, पोस्टमनला मीच फाटकावर गाठलं आणि घरात सांगितलं की निकाल लांबलाय. लिफाफा कपाटाच्या मधल्या खणात, खाली अंथरलेल्या वर्तमानपत्राच्या खाली सरकवला. सहा आठवडे मी रोज निकालाची वाट बघायचं नाटक केलं. मग चवथ (गणेश चतुर्थी) आली. चवथीआधी घर कसं झाडून-पुसून निघतं ते तुला सांगायला नको. एका दुपारी मी खण उघडला तर वर्तमानपत्र नवं, त्या आठवड्यातलं. हात घातला. खाली माझी मार्कलिस्ट होती, मी कोंबून ठेवलेली होती तशी चुरगळलेली नाही, चारही कोपरे जुळवून नीट घडी केलेली.

तरीही मी दोन दिवस काही बोलले नाही. शेवटी नेवऱ्या (करंज्या) करायला बसलो होतो तेव्हा, मान वर न करता म्हटलं, "आई, मी नापास झालेय." ती म्हणाली, "ठाऊक आहे मला. ते चून इकडे सरकव." बस्स. मी चुनाचं, म्हणजे सारणाचं, पातेलं सरकवलं आणि आम्ही दोघी पुढच्या नेवऱ्या भरायला लागलो. त्या रात्री मी दीड महिन्यात पहिल्यांदा सकाळपर्यंत सलग झोपले.

तुझ्या आईला माहीत असेलच असं मी म्हणत नाही. पण बाबांबद्दल एक सांगते. खाणी बंद पडलेल्या काळात मी डिचोली-साखळीकडच्या कितीतरी ट्रकवाल्यांचे हिशेब बघितले आहेत. अंगणात उभा असलेला ट्रक, त्याच्यावर वाढलेलं गवत, आणि दर महिन्याला बँकेचा हप्ता. काम करायची तयारी असून, अंगात बळ असून चाक फिरत नाही म्हणजे काय, हे ज्याने दोनदा भोगलं, त्या माणसाला तू "बाबा, माझा हातच चालेना" असं सांगणार आहेस. ही गोष्ट समजून घ्यायला त्यांच्याइतका लायक माणूस तुला डिचोली तालुक्यात सापडायचा नाही. ते बोलत नाहीत ते रागाने, असं तू धरून चालली आहेस. काय विचारावं आणि विचारलं तर पोर आणखी खचेल का, ह्या भीतीनेही बाप गप्प बसतात.

कसं सांगायचं तेही लिहिते, कारण तिथेच पाय अडतो. घरात पाहुणे असताना नको, जेवणाच्या ताटावर नको. सकाळची फेरी मारून ते परत येतात आणि बस धुतात ना? तेव्हा जा, बालदी घेऊन उभी राहा. समोरासमोर बसून डोळ्यांत डोळे घालून सांगण्यापेक्षा हाताला काम असताना सांगणं सोपं जातं. म्हण, "बाबा, गेल्या वेळी मी दोन पेपरांना बसलेच नाही. मला भीतीने धडधडत होतं. तुम्हाला खोटं सांगितलं, त्याचं मला वाईट वाटतं. मला डॉक्टरकडे जायचंय, माझ्याबरोबर या." एवढंच. कारणांची यादी देऊ नकोस, पुढच्या अटेम्प्टचं वचनही देऊ नकोस. ते रागावले तर रागावू देत. खोटं बोलल्याचा राग येणारच, आणि तो रास्त आहे. तो दोन दिवसांत उतरेल. हे ओझं मात्र दोन वर्षं वाहिलंस तरी आपोआप उतरायचं नाही.

आता परीक्षेच्या खोलीत तुला काय झालं ते बघू. घाबरलं की अंग समजतं की संकट आलं, पळायचंय. हृदय जोरात चालतं, रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळतं म्हणून बोटं गार पडतात. श्वास भराभर आणि उथळ होतो, त्याने डोकं हलकं होतं आणि नजरेपुढचं धूसर दिसतं. अक्षरं दिसेनाशी झाली ती त्यामुळे. ही लाट बहुधा दहाएक मिनिटांत टोकाला जाते आणि मग ओसरते. तुझीही ओसरली, म्हणून तर तू लिहू शकलीस. पंचवीस मिनिटं गेली, हात कापत होता, आणि तरी त्या पेपरात ६१ मिळाले. कन्सॉलिडेशन (कंपनी-समूहाचे एकत्रित हिशेब) आणि इंड एएसचा (भारतीय लेखा मानकांचा) पेपर गं तो! कच्च्या मुलीला अडीच तासांत त्यात ६१ मिळत नाहीत. मीच कच्ची का, ह्या प्रश्नाला ह्याहून वेगळं उत्तर माझ्याकडे नाही.

लाट आली तर काय करायचं? पेन खाली ठेव. दोन्ही तळपाय जमिनीला टेकव. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. बाहेर सोडणं लांब हवं. असे दहा श्वास घ्यायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. मग लगेच मोठ्या प्रश्नाला हात घालू नकोस, एमसीक्यूकडे (पर्याय निवडायच्या प्रश्नांकडे) जा. ३० मार्कांचे आहेत आणि फायनलला त्यात निगेटिव्ह मार्किंग नाही. सरळ दिसणारे चार-पाच शोध आणि ओएमआरवर गोल भर. अक्षर काढावं लागत नाही, वाक्य जुळवावं लागत नाही, आणि हात चालू होतो. हात चालला की डोकं मागोमाग येतं. मात्र हे सगळं पहिल्यांदाच परीक्षेच्या दिवशी करायला गेलीस तर होणार नाही. रोज रात्री झोपताना दहा श्वास घे, म्हणजे अंगाला ती वाट ओळखीची होईल.

आणि आपल्या गोव्यातल्या मुलांना मी नेहमी सांगते ती गोष्ट. परीक्षा दुपारी २ ते ५ असते, पावणेदोनला प्रश्नपत्रिका वाचायला देतात. ही आपल्या घरांत काय वेळ असते? एकला शीत-कडी जेवून अख्खं घर आडवं. बाजारात दुकानांची शटरं खाली. लहानपणापासून ज्या वेळी अंगाला झोपायची सवय, नेमक्या त्याच वेळी आपण त्याला आयुष्यातला सर्वांत अवघड पेपर सोडवायला सांगतो. आणि अभ्यास कधी करतो? रात्री अकरा ते तीन, कोरा चहा ढोसून. मग रात्री तीनला जाग येते ह्यात नवल काय? परीक्षेआधीचे सहा आठवडे दुपारी पाठ टेकायची नाही. अकराला पेज घे, दीडला टेबलाशी बस, दोनला घड्याळ लाव आणि पाचपर्यंत उठू नकोस. रोज पूर्ण पेपर नको, पण त्या वेळेत रोज काहीतरी हाताने लिहायचं, सोडवायचं. वाचणं सकाळी कर. रात्री साडेदहाला पुस्तक बंद, आणि चारनंतर चहा बंद. झोपेत कापलेले तास अभ्यासात जमा होतात असं वाटतं, पण दिवसा वाचलेलं डोक्यात मुरतं ते झोपेतच.

तुझा खरा बागुलबुवा एएफएम आहे, हे ४१ वरूनही दिसतं आणि फेरीबोटीवरूनही. अंदाज करते, बरोबर आहे का बघ. तू एएफएम बघून शिकतेस. लेक्चरमध्ये सरांनी सोडवलेलं गणित बघितलं, कळलं, पान उलटलं. फॉरेक्स आणि डेरिव्हेटिव्ह असे बघून येत नाहीत. उत्तर झाकून, कोरा कागद घेऊन, चुकत-माकत शेवटच्या आकड्यापर्यंत जायचं आणि मगच उत्तर उघडायचं. पहिला आठवडा फार वाईट जातो, दिवसाला चार गणितंसुद्धा होत नाहीत. जाऊ देत. चुकलेल्या गणितांची वेगळी वही कर आणि परीक्षेआधीच्या दीड दिवसात फक्त तीच वही बघ. सीए इन्स्टिट्यूटच्या बोर्ड ऑफ स्टडीजच्या पोर्टलवर आरटीपी (उजळणीचे प्रश्नसंच), एमटीपी (सराव प्रश्नपत्रिका) आणि मागच्या परीक्षांची सजेस्टेड आन्सर्स फुकट आहेत. नवा क्लास लावू नकोस, तिसऱ्या सरांच्या नोट्स आणू नकोस. टेलिग्रामवरचे ते ग्रुप, जिथे रोज कुणाचे तरी चौदा तास झालेले असतात, तेही आजच सोड.

एक्झम्प्शन. नाही मिळणार, आणि हे लिहिताना मलाच चुटपुट लागते. पेपरात ६० किंवा जास्त मिळाले की पुढच्या तीन अटेम्प्टना तो पेपर द्यावा लागत नाही, पण त्यासाठी त्या ग्रुपच्या सगळ्या पेपरांना बसलेलं असावं लागतं. तू उरलेल्या दोन पेपरांत नुसतं नाव-नंबर लिहून कोरी उत्तरपत्रिका देऊन आली असतीस तरी एफआर सुटला असता. तुला टोचायला सांगत नाही. ही ओळ वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या मनात पेपर सोडायचं येत असेल, त्याच्यासाठी सांगते: पेपर कितीही वाईट जाणार असला तरी जाऊन बस. आणि १४७ आले होते तेव्हा महिन्याभराच्या आत व्हेरिफिकेशनला (मार्कांच्या पडताळणीला) टाकता आलं असतं, उत्तरपत्रिकांच्या प्रतीही मागवता आल्या असत्या. पेपर पुन्हा तपासत नाहीत, पण तपासायचं राहिलेलं उत्तर किंवा बेरजेची चूक निघू शकते, आणि आपले मार्क नेमके कुठे सांडले ते आपल्याच अक्षरात दिसतं. ती मुदत गेली. पुढच्या निकालाला मात्र हे लक्षात ठेव, मग काहीही लागो.

सप्टेंबरचा फॉर्म भरू नकोस, हे माझं स्पष्ट मत. २०२५ पासून फायनल वर्षातून तीनदा होते, जानेवारी, मे, सप्टेंबर. ह्याने मुलांचं वर्ष वाचतं हे खरं, पण श्वास घ्यायला जागा राहत नाही हेही मी रोज बघते. एका परीक्षेचा निकाल हातात येतो न येतो तोच पुढचा फॉर्म. रडायलासुद्धा आठवडा मिळत नाही. तीनदा होते म्हणून तीनदा द्यायलाच हवी असं नाही. त्यात सप्टेंबर म्हणजे चवथीचे दिवस. गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायची, पाहुणेरावळे, आरत्या, आणि येणारा प्रत्येक माणूस, "कितें गो, जालें तुजें सीए?" विचारणार. ह्या वर्षी चवथ घरच्यांबरोबर मन लावून कर. डॉक्टरचं बघ, झोप रुळावर आण. ऑक्टोबरपासून नेटाने बस आणि जानेवारीला ग्रुप एक दे. दोन्ही ग्रुप एकत्र दिले तर एका ग्रुपचे जास्तीचे मार्क दुसऱ्याची तूट भरून काढतात, त्यामुळे बरेच जण तसा सल्ला देतील. चांगल्या तब्येतीत असतीस तर मीही दिला असता. आज तुला सहा पेपरांचा डोंगर नको, तीन पेपर पुरेत. प्रत्येकात ४० आणि एकूण १५०. तू १४७ पर्यंत जाऊन आली आहेस.

जानेवारीत त्या तिन्ही दिवशी एकटीने जाऊ नकोस. आतेबहीण असो, मैत्रीण असो, बाबांना रजा मिळाली तर बाबा, कुणीतरी सेंटरच्या फाटकापर्यंत सोबत हवं. आदल्या आठवड्यात एकदा कदंबच्या स्टँडवरून सेंटरपर्यंत चालत जाऊन ये.

सीए सोडायचं का, ह्यावर आत्ता काही ठरवू नकोस. रात्री तीनला आलेल्या विचारावर असा निर्णय घ्यायचा नसतो. सोडण्यात कमीपणा आहे असं मात्र मी मानत नाही. इंटर (फायनलच्या आधीची पायरी) पास आणि आर्टिकलशिप पूर्ण केलेल्या मुलीला आज फोंड्यात, मडगावात, वेर्ण्याच्या कारखान्यांत काम आहे. जीएसटी आणि ऑडिटची फाइल स्वतः हाताळू शकणारी माणसं मला माझ्या ऑफिसलाच मिळत नाहीत. डॉक्टर म्हणाले हरकत नाही, झोप लागायला लागली, तर अर्धा वेळ कुठे जाऊन बघ. चार माणसांत वावरलीस, पहिल्या तारखेला हातात थोडे पैसे आले तर त्याचाही आधार होईल. जानेवारीचा अटेम्प्ट झाल्यावर, निकाल हातात घेऊन, बाबांशी बसून मग ठरव. तेव्हा सोडलंस तरी ते तू ठरवून सोडलेलं असेल.

परीक्षा कठीण आहे का? हो, आहे. मे २०२५च्या फायनलला ग्रुप एक देणाऱ्या १०० जणांमागे साधारण २२ पास झाले. दोन्ही ग्रुप देणाऱ्यांत १९ सुद्धा नाहीत. खोलीत तुझ्या आजूबाजूला बसलेल्यांपैकी बहुतेक जण त्या निकालाला घरी काहीतरी सांगत होते, कुणी खरं, कुणी तुझ्यासारखं. आणि आपल्या गोव्यातलीच एक गोष्ट आठव. २०१८ साली सरकारच्या लेखा संचालनालयाने लेखापालांच्या ८० जागांसाठी घेतलेल्या परीक्षेचा निकाल लागला. सुमारे ८,००० जणांनी पेपर दिला होता. पास झालेला एकही नाही. अख्ख्या राज्यात हिशेब येणारं कुणीच नव्हतं का? त्याच ८,००० मधली मुलं आज बँकांत, पतसंस्थांत, सीएंच्या ऑफिसांत रोज हिशेब लिहितायत. तुझ्या दोन मैत्रिणी पास झाल्या, त्यांना मनापासून शाबासकी दे, आणि त्यातली जी जवळची असेल तिला फेरीबोटीचं सांग. तिच्या पहिल्या अटेम्प्टला तिचं काय झालं होतं ते ती तुला सांगेल बहुतेक.

आईच्या दही-साखरेचं राहिलं. तू ते लिहिलंस म्हणून मला कळलं की तुला सर्वांत जास्त कुठे टोचतंय. दही खाऊन निघालेय आणि पेपरला गेलेच नाही. बाय, तिने ते तुझ्या हातावर ठेवलं होतं, इन्स्टिट्यूटच्या नव्हे. जानेवारीत पुन्हा ठेवील.

पावसाचे दिवस आहेत, बालरथ रोज चिखलाने माखून येत असेल. बालदी घेऊन जा. बोलणं झालं की मला दोन ओळी लिही, मधे रात्री कधी घाबरलीस तरी लिही. ते पत्र छापणार नाही, उत्तर फक्त तुला पाठवीन.

तुझी मावशी